कणगीतली गॅमेक्सिन, फवारणीचे कपडे आणि लेकराच्या छातीतली घरघर

दुधनाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. आमचं गाव सेलूच्या बाजूला, घरी कापूस, तूर, थोडं सोयाबीन. मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा. आठ महिन्यांचा होता तवापासून त्याचं हेच चालू आहे, आभाळ आलं की सर्दी, मग खोकला, अन् तिसऱ्या दिवशी रात्री बरगड्या आत ओढायला लागतो, छातीवर कान ठेवला की मांजर घुरघुरावं तसा आवाज. यंदा मृगापासून तीनदा नेब्युलायझर झालं. धाकटी पाच महिन्यांची आहे, अंगावरच पिते, तिला अजून काही नाही.

झालं असं की पुण्याच्या नणंदबाईंनी एक व्हिडिओ पाठवला. आईच्या अंगात वर्षानुवर्षं साठलेली केमिकलं दुधातून बाळात जातात अन् फुप्फुसं खराब करतात म्हणे. सासूबाईंनी तो ऐकला अन् आपणहून सांगायला लागल्या, आमच्या येळेस ज्वारीच्या कणगीत गॅमेक्सिन टाकायचो, हातानंच कालवायचो, मुंग्या झाल्या तर चुलीच्या कडंनं बी तीच. माझ्या माहेरी पण हिवतापवाले यायचे, घरभर डीडीटी मारून दारावर तारीख लिहून जायचे, आम्ही पोरं त्या ओल्या भिंतीला बोटं लावून बघायचो. आता नणंदबाईंचं म्हणणं की धाकटीचं दूध तोड अन् पावडरचं चालू कर, मोठ्याचं झालं ते झालं.

दोन दिवसांपासून दूध पाजताना रडू येतंय. खरं किती अन् खोटं किती, कुणी सांगेल का?

गंगाथडी | १२ ऑगस्ट, रात्री १०:५२

ताई आधी एकच, दूध तोडू नका. बाकीचं मंडळी सांगतीलच.

बोरीचा_पाटील | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

आमच्या आज्यानं आयुष्यभर ती पावडर हातानं फासली, नव्वदीला गेला अन् शेवटपर्यंत बिडी ओढत होता. डीडीटीच्या गुणाला तर १९४८ साली नोबेल मिळालंय, गुगल करा. हिवतापानं गावंच्या गावं झोपायची ती कशानं उठली? ही सगळी पुण्या-मुंबईची थेरं. लेकराला दमा आजोळकडून आला असंल, त्याचं खापर कणगीवर कामून?

शिवार_बीएस्सी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पाटील, नोबेल मिळालं ते खरं, हिवताप हटला ते बी खरं. म्हणून ती पावडर अंगातून निघून जाते असं नाही ना. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकलो, आता दुकानदारी करतो, औषधं विकूनच पोट भरतो, त्यामुळं मी काही औषधांचा दुष्मन नाही.

ताई, तुमच्या सासूबाई ज्याला गॅमेक्सिन म्हणतात ती बीएचसी पावडर. कुबट, बुरशीसारखा वास यायचा तिला, एकदा माळवदावर सांडली की चार पावसाळे वास जात नव्हता. डीडीटी शेतीसाठी १९८९ ला बंद झाली, पण हिवतापाच्या खात्यासाठी चालूच राहिली, म्हणून तुमच्या लहानपणी पण मारली. बीएचसी १ एप्रिल १९९७ पासून बंद. मग एंडोसल्फान आलं, आपल्या कापसावर किती मारलं त्याची मोजदादच नाही. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं मारायचे, तिथल्या लेकरांचे फोटो पेपरात आलेले आठवत असतील, एंडोसल्फान देशभर सुप्रीम कोर्टानं मे २०११ मधी थांबवलं.

ह्या सगळ्यांची जात एक. क्लोरीनवाली, पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात, मातीत वर्षानुवर्षं राहतात. मातीतून कडब्यात, कडब्यातून म्हशीच्या दुधातल्या तुपात, तिथून आपल्यात. २००१ मधी स्टॉकहोमला जगातल्या देशांनी अशा न मोडणाऱ्या रसायनांवर करार केला, पहिल्या यादीत बारा नावं होती, आपल्या देशानं २००६ मधी मान्य केला. थोडक्यात नणंदबाईंचा व्हिडिओ हवेतून आलेला नाही. पण दूध तोडा हे त्यातून निघत नाही, ते डॉक्टर लोक सांगतील.

लेकरांचा_दवाखाना | १३ ऑगस्ट, दुपारी ३:३०

ओपीडी आत्ता संपली म्हणून उशीर. लातूरला लहान मुलांची प्रॅक्टिस करतो. ताई, डोळे पुसा अन् निवांत वाचा, जरा लांब होईल.

फुप्फुसं दोन टप्प्यांत बनतात. श्वासनळ्यांच्या फांद्या पोटातच, साधारण सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत फुटून होतात, नंतर त्या लांब-रुंद होतात पण नवीन फांदी फुटत नाही. अन् ज्या बारीक फुग्यांतून हवा रक्तात जाते त्यातले बहुतेक फुगे जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. म्हणजे झाडाचा सांगाडा आईच्या पोटात अन् पालवी बाहेर आल्यावर. ह्या काळात जे आत जातं त्याची छाप राहू शकते, मोठ्या माणसाचं तसं नसतं, म्हणून पाटलांच्या आज्याचा दाखला इथं लागू पडत नाही, ते पावडर हाताळायला लागले तेव्हा त्यांची फुप्फुसं बनून झालेली होती.

आता पुरावा. डीडीटी अंगात मोडून डीडीई होते, ती चरबीत बसते, निम्मी व्हायलाच काही वर्षं लागतात. नाळेतून बाळाकडं जाते, दुधातूनही जाते. स्पेनच्या मिनोर्का बेटावर नाळेच्या रक्तात डीडीई मोजून लेकरं चार वर्षांची होईस्तोवर बघितली, ज्यांच्यात जास्त होती त्यांच्यात घरघर जास्त दिसली. पुढं २०१४ ला युरोपातल्या सात देशांतले दहा अभ्यास एकत्र केले, ४६०८ आई-लेकरांच्या जोड्या. गरोदरपणातली डीडीई दुप्पट झाली की लहानपणी ब्राँकायटिस किंवा घरघर व्हायचा धोका किती वाढला? तीन टक्के. शंभराला तीन लेकरं जास्त असं नाही, आधी जेवढा धोका होता त्याच्या तीन टक्के. तोही आकडा अगदी काठावरचा, योगायोगानं आला असंही म्हणता येईल असा.

तैवानमधे १९७९ ला तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी नावाचं रसायन मिसळलं, कारखान्यात तेल तापवायच्या नळीतून गळून. सुमारे दोन हजार लोकांनी ते तेल खाल्लं. त्या बायकांना नंतर जी मुलं झाली त्यांच्यात लहानपणी ब्राँकायटिस जास्त होता. पण तिथं डोस प्रचंड होता, आयांच्या अंगावर फोड उठलेले होते. आपल्या घरातली कणगी अन् ते तेल एका तराजूत घालू नका.

अन् आता दूध. हो, दुधातून ही रसायनं थोडी जातात, पहिल्या लेकराला जरा जास्त, नंतरच्यांना कमी, कारण आईचा साठा कमी होत जातो. पण तीच मिनोर्काची, तीच तैवानची उदाहरणं बघून जगातल्या कुठल्याही आरोग्य संघटनेनं दूध तोडा असं म्हटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आजही सहा महिने फक्त आईचंच दूध म्हणते. अंगावर पिणाऱ्या लेकराला छातीचे आजार कमी होतात, हा फायदा त्या तीन टक्क्यांच्या कितीतरी पुढं आहे. शिवाय पावडर कालवायला पाणी कुठलं वापरणार? टँकरचं? बोअरचं? उन्हाळ्यात पावडरच्या बाटलीवर असलेली अन् जुलाबानं सुकून आलेली लेकरं मी दर वर्षी बघतो.

मोठ्या मुलाची घरघर कणगीमुळं का, हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. पाच वर्षांखालच्या लेकरांत अशी घरघर बहुतेक वेळा व्हायरसच्या सर्दीनं होते, बरीचशी सहाव्या वर्षापर्यंत सुटतात. त्याला पंप चालू आहे का?

बोरीचा_पाटील | १३ ऑगस्ट, दुपारी ४:१०

तीन टक्के! अन् त्याच्यासाठी बाई दोन दिवस रडायली. मी म्हणत होतो तेच झालं की.

लेकरांचा_दवाखाना | १३ ऑगस्ट, रात्री ९:००

पाटील, अर्धं तुमचं खरं. एका घरासाठी तीन टक्के म्हणजे काही नाही, अख्ख्या जिल्ह्यातल्या लेकरांसाठी मोजलं तर काहीतरी आहे. अन् ते युरोपातलं, जिथं डीडीटी आपल्या कितीतरी आधी बंद झाली. मराठवाड्यातल्या बायकांच्या रक्तात मोजून, लेकरांची फुप्फुसं बघून झालेला असा मोठा अभ्यास मी तरी वाचलेला नाही, म्हणून इथला आकडा मी छातीठोक सांगणार नाही. काही नाही असंही सांगणार नाही.

पाळणाघर_ते_अंगणवाडी | १३ ऑगस्ट, रात्री ९:४५

डॉक्टरसाहेबांनी युरोप फिरवून आणलं, आता मी घरात आणते 😀 आशाचं काम करते, पंधरा वर्षं झाली बाळंतिणी बघायलेय.

ताई खरं सांगा, धाकटीच्या वेळेस खाटेखाली शेगडी होती का नाही? धुरी दिली का? ओवा, बाळंतशेपा, लसणाची टरफलं, वावडिंग, सगळं निखाऱ्यावर टाकून दार लावून घेतात अन् आत सव्वा महिन्याचं लेकरू. मी एका घरी गेले होते मागच्या हिवाळ्यात, दार उघडलं तर आतलं दिसंना, अन् आजीबाई मला सांगतेय की बाय धूर नाही हा, औषध आहे. त्याच लेकराला दहा दिवसांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.

अन् रात्री मच्छरची कॉइल. मला एका ट्रेनिंगमधी सांगितलं होतं अन् मी नंतर तपासलं बी, एक कॉइल जळली की तिच्यातून जे बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे. पाळण्याच्या खाली ठेवतात लोकं! मच्छरदाणी लावा ना.

चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या तर आपल्याकडं सगळेच जाळतात, गॅस असला तरी पाणी तापवायला पऱ्हाटीच. पेटेना म्हणून वर काय टाकतात, प्लास्टिकची पिशवी, नाहीतर मोटारीच्या पाइपाचा तुकडा.

शिवार_बीएस्सी | १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

पाइपाचा मुद्दा लई महत्त्वाचा काढला ताईंनी. ठिबकची काळी नळी अन् पांढरा-करडा पीव्हीसी पाइप, दोन्ही जाळू नका, पण पीव्हीसी जास्त वाईट कारण त्यात क्लोरीन असतं. असं चुलीच्या आचेवर जळलं की डायॉक्सिन तयार होतात, स्टॉकहोमच्या त्या पहिल्या बारा नावांत हे पण आहेत. म्हणजे गॅमेक्सिन बंद झाली तरी त्याच जातीचं विष आपण चुलीत घरच्या घरी बनवायलोत.

माळवद | १४ ऑगस्ट, सकाळी ११:००

पीसीबीवरून आठवलं. आमच्या आबांना गुडघेदुखी होती, डीपी, म्हणजे लाइटीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की वायरमनकडून त्यातलं तेल मागून आणायचे अन् गुडघ्याला चोळायचे, अर्ध्या गावाचं हेच. त्यात पीसीबी असायचं का?

शिवार_बीएस्सी | १४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

सगळ्याच डीप्यांत नाही, बहुतेकांत साधं खनिज तेलच असतं. पण जुन्यांपैकी काहींत पीसीबी असू शकतं अन् बघून कळत नाही. केंद्रानं २०१६ ला पीसीबीवर आदेश काढला, हळूहळू वापर पूर्ण थांबवायचा म्हणून. तुम्ही फक्त चोळणं थांबवा, अन् त्या हातानं नातवाला घेणं पण.

नांदेडची_सून | १४ ऑगस्ट, दुपारी २:१५

मधेच विचारते, नॉनस्टिक तव्याचं काय? त्यात पण न मोडणारं केमिकल असतं ना? आमच्याकडं पाच तवे आहेत, लग्नातले 😅

लेकरांचा_दवाखाना | १४ ऑगस्ट, रात्री ९:३०

ती वेगळी जात, पीफास म्हणतात, फ्लोरीनवाली. ही चरबीत बसत नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहते. नॉनस्टिकचा थर, पाणी न लागणारे कपडे, आग विझवायचा फेस ह्यांच्यात वापरली. हिच्यावरही काम झालंय, २०१९ ला युरोपातल्या सहा देशांतल्या हजारेक लेकरांची फुंक मोजली, म्हणजे नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद बघितली, ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी काही पीफास जास्त होते त्यांची फुंक थोडी कमी भरली. फेरो बेटांवर त्याहून ठळक दिसलं, पाचव्या वर्षी रक्तात पीफास दुप्पट असतील तर सातव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाच्या लसीची ताकद जवळपास निम्मी. छातीचे आजार वारंवार होण्यामागं ही प्रतिकारशक्तीची बाजू असू शकते. तव्यांचं म्हणाल तर खरवडलेले काढून टाका, लोखंडी तव्यावर भाकरी तशीही चांगली होते. पण आपल्या खेड्यातल्या लेकरासाठी तवा हा मुद्दा पार खालचा आहे हो.

वरचा मुद्दा एक राहिला, रोजच्या फवारणीचा. आजची औषधं बहुतेक अंगात साठत नाहीत, चार दिवसांत लघवीतून जातात. पण रोज नवीन आलं तर? कॅलिफोर्नियात सालिनास खोऱ्यात शेतमजुरांची मुलं जन्मापासून बघतायत. फॉस्फरसवाल्या औषधांचे अंश ज्यांच्या लघवीत वारंवार जास्त आले त्यांची फुंक सातव्या वर्षी कमी होती. शेताजवळ गंधक जास्त मारलं जायचं तिथंही तसंच. तुमचे मालक फवारतात का ताई?

दुधनाकाठ | १५ ऑगस्ट, रात्री ८:२०

सगळ्यांचे खूप आभार, खरंच परेशान होते. दूध तोडलं नाही. नणंदबाईंना डॉक्टरसाहेबांचं लिहिलेलं पाठवलं, त्यांनी अंगठा दाखवलाय फक्त.

हो, शेगडी होती, धुरी बी होती, दोघांच्या वेळेस. कॉइल तर आत्ता हे लिहायलेय तेव्हा पण जळायली होती, उठून विझवली.

अन् फवारणी. आमचे हे पाठीवरच्या चार्जिंगच्या पंपानं मारतात, आता बोंडअळीसाठी आठ-दहा दिवसाला. घरी आले की अंगणातच मोठा पळत जाऊन पायाला मिठी मारतो, हे तसंच उचलून घेतात, ओल्या बनियनला त्याचा गाल. मला तो वास म्हणजे ह्यांचाच वास वाटायचा इतकी सवय झाली होती. कपडे मी लेकरांच्या लंगोटांसोबत एकाच बादलीत भिजवायचे. हे कुणी कधी सांगितलंच नाही.

पंप म्हणजे इनहेलर का? दिला होता मागच्या वर्षी एका दवाखान्यात, सासऱ्यांनी बंद केला, सवय लागते म्हणले. सिरप चालू आहे.

लेकरांचा_दवाखाना | १५ ऑगस्ट, रात्री १०:१०

सवय लागत नाही. चष्म्याची सवय लागते का? पंपातलं औषध थेट नळीत जातं म्हणून डोस अगदी थोडा, सिरपचं सगळं अंगभर फिरतं. साडेतीन वर्षांच्या पोराला मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे पंप अन् तोंडाच्या मधे धरायचं प्लास्टिकचं नळकांडं, लागेल. जवळच्या लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवूनच चालू करा, इथं वाचून नको. फुंकायची तपासणी पाच-सहा वर्षांनंतर नीट करता येते, तेव्हा करून घ्या. रक्तात केमिकल मोजून देतो, डिटॉक्स करतो असं कुणी म्हटलं तर खिसा सांभाळा, त्या आकड्यावरून उपचारात काहीच बदलत नाही.

शिवार_बीएस्सी | १६ ऑगस्ट, सकाळी ६:४०

फवारणीचे कपडे गोठ्यात नाहीतर विहिरीवर बदलायचे, घरात आणायचेच नाहीत, वेगळ्या बादलीत धुवायचे. आंघोळ झाल्याशिवाय लेकराला हात नाही. रिकामी डबडी घरात पाण्याला-तेलाला वापरायची नाहीत, भोक पाडून ठेवायची. हे मी दुकानात सांगतो तेव्हा गिऱ्हाईक हसतं, मग मी म्हणतो हस बाबा, पण लेकराला उचलायच्या आधी साबण लाव.

दुधनाकाठ | ७ सप्टेंबर, सायंकाळी ६:००

पोळा झाला म्हणून माळवदावरची अडगळ काढली तर कणग्यांच्या मागं पत्र्याचा डबा निघाला, अर्धा भरलेला, गंजलेला. सासूबाईंनी लांबूनच ओळखला, झाकण उघडायची गरजच नव्हती, वासानं. तीस वर्षं तरी झाली असतील म्हणल्या. एका कार्यालयात विचारून आले ह्यांनी, तिथं सांगितलं पुरून टाका. पुरू का?

शिवार_बीएस्सी | ७ सप्टेंबर, सायंकाळी ६:३५

अजिबात नाही! पुरली तर बोअरमधी, जाळली तर धुरात. तोंडाला कपडा, हातात जाड मोजे, झाडू नका, डबा उचलून जशाच्या तसा दोन जाड पिशव्यांत घाला, वरून झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत. वर ऑइल पेंटनं विष लिहा. धान्य, जनावरं, पाणी ह्यांच्यापासून लांब, कुलपात. अन् तालुक्याला, जिल्ह्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खरं सांगायचं तर उचलून नेणारं कुणी लगेच भेटेल असं मला वाटत नाही. माझ्याच दुकानाच्या मागं जुन्या मालकानं ठेवलेलं एक पोतं आहे.

बोरीचा_पाटील | ७ सप्टेंबर, रात्री ९:०५

आमच्या बी माळवदावर बघावं लागंल. आज्याचा एक डबा होता मला आठवतं.

ताई, पोरगं कसं हाय?

दुधनाकाठ | ८ सप्टेंबर, सकाळी ७:१५

बरं आहे दादा. पंप चालू करून अठरा दिवस झाले, एकदा सर्दी झाली पण रात्र बसून काढावी लागली नाही. धुरीचं बंद झालंय, सासूबाई अजून रुसलेल्या आहेत. हे विहिरीवर आंघोळ करून येतात तर मोठा फाटकापाशी उभा राहून ओरडतो, साबण लावला का.

अर्ज दिलाय, पोच मिळाली. डबा बादलीत आहे, गोठ्याच्या मागच्या खोलीत.

डॉक्टरसाहेब एक विचारायचं होतं, तो स्पेसर धुवायचा कसा? मी आतून फडक्यानं कोरडा करते.

लेकरांचा_दवाखाना | ८ सप्टेंबर, दुपारी २:५०

फडकं नको. आतून घासलं की प्लास्टिकमधे वीज साठते अन् औषध भिंतीलाच चिकटून बसतं. आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुचकळा अन् तसाच उभा करून वाळू द्या.